मीटर नंबर ७३९३९१३३

“मग कधी येऊ काका? तारीख तरी सांगा.”

“सहा हजार वर्षांनी ये,” दशरथ परब म्हणाला. “थोडं इकडेतिकडे होईल.”

रश्मी इंगळेने खांद्यावरची हत्यारांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. वीज कंपनीच्या कंत्राटदाराकडे ती जुने मीटर काढून नवे बसवायचं काम करायची. चारकोपच्या सेक्टर पाचमधली ही गल्ली तिने दोन दिवसांत उरकली होती. पस्तीस रूम, चौतीस नवे मीटर. उरलेल्या एका रूमने मात्र तिला छळायचा चंग बांधला होता. पहिल्या खेपेला म्हाताऱ्याने “घरात कोणी नाही” असं आतूनच ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला त्याने दार उघडलं, तिचं ओळखपत्र चष्मा लावून पुढून-मागून वाचलं, आणि “फोटो चांगला आलाय” म्हणून दार लावून घेतलं होतं. ही तिसरी खेप.

“काका, मस्करी नको ना. एक रूम राहिली तर सुपरवायझर गल्ली पुरी धरत नाही. माझी वाट लावाल तुम्ही.”

“मस्करी नाही करत, बाय. हिशेब केलाय मी. बस तू. चहा टाकतो.”

रश्मी बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंखा होता. शिवाय म्हातारा वेडा असला तरी खोटा वाटत नव्हता.

दशरथ वेडा नव्हता. बत्तीस वर्षं त्याने वीज कंपनीत मीटर रीडरचं काम केलं होतं. मालाड, कांदिवली, चारकोप, असा पट्टा. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्यांतून टॉर्च मारत रोज दीड-दोनशे आकडे उतरवायचे, हे त्याचं आयुष्य. बाकीचे रीडर आकडा उतरवून पुढे सरकत. दशरथ उतरवलेल्या आकड्याकडे अजून एकदा बघे. तीनने जातो का? सातने? तेराने? ज्याला कशानेच भाग जात नाही असा एखादा सापडला की त्याचा दिवस चांगला जाई. मालाडच्या एका इमारतीतला वॉचमन त्याला मीटरसमोर ओठ हलवत उभा बघून कितीतरी वर्षं समजत होता की परबसाहेब कामाआधी देवाचं नाव घेतात. दशरथने त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. मूळ संख्या समजावून सांगण्यापेक्षा देव परवडला.

घरी बायकोला मात्र त्याने सांगितलं होतं. रुक्मिणी कणकवलीकडची, सातवी शिकलेली, तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात ती मणी ओवायला जायची, त्यामुळे मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘मूळ संख्या’ हे नाव काही तिच्या पचनी पडलं नाही. ती त्यांना ‘हट्टी’ म्हणे. एकावन्न? “गरीब बिचारो. सतरा त्रिक.” त्रेपन्न? “हट्टी.”

दशरथ निवृत्त झाला तो दोन हजार अठराच्या मे महिन्यात. एक जूनला सकाळी उठून तो तयार झाला, बूट घातले, आणि मग कुठे जायचं ते आठवेना म्हणून दाराशीच उभा राहिला. रुक्मिणीने ते पाहिलं. हसली नाही. म्हणाली, “बत्तीस वर्सां दुसऱ्यांचे मीटर बघितलात. आता आपल्या घरचो बघा.”

दारामागच्या फळीवर मीटर होता. त्याच्या छातीवर कोरलेला नंबर, ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. इतकी वर्षं रोज त्याच्या खालून जाऊन-येऊनही दशरथने कधी मान वर करून तो वाचला नव्हता. रद्दीतून घेतलेलं एक जुनं गणिताचं पुस्तक त्याच्याकडे होतं, त्यात पंचवीस हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती. त्याने सहज शोधलं. नुसता ७ घेतला तर हट्टी. ७३, हट्टी. ७३९, हट्टी. ७३९३, तोही हट्टी! पुढे यादी संपत होती. पण एवढ्यानेच नवराबायको दोघंही खुळावली. आपल्या घराच्या दारावर हे प्रकरण टांगलेलं, आणि आपल्याला पत्ता नाही?

पूर्ण आकडा हट्टी आहे का, ते बघायचं ठरलं. रोज एक भाग. सकाळी नाही, रात्री नाही, संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर. पहिल्या दिवशी दोनने, दुसऱ्या दिवशी तीनने, मग पाचने, सातने, असं यादीतल्या एकेका मूळ संख्येने भागत जायचं. दशरथ भागाकार करी, आणि रुक्मिणी समोर बसून आपल्या वेगळ्या वहीत उलटा गुणाकार करून पडताळा घेई. वह्या वेगळ्या, कारण कंपनीचा तसा नियम होता. तपासणाऱ्याच्या वहीत रीडरने डोकावायचं नाही. दशरथने कंपनी सोडली तरी नियम सोडला नव्हता. रुक्मिणीने वही मिटून “बरोबर” म्हटलं की दिवस संपला.

हे सगळं चहा उकळेपर्यंत सांगून झालं. रश्मी भुवया उंचावून ऐकत होती.

“फोनवर टाकलं असतं तर एका सेकंदात समजलं असतं ना?”

“आमचा सुयोग पण हेच म्हणाला. मुलगा. पुण्याला असतो. फोन काढून टाकायलाच बसला होता आकडा, तर त्याच्या आईने फोन हिसकून घेतला हातातून. म्हणाली, फोनान सांगल्यान तर मगे सांजेक काय करूचा?” दशरथ कप पुढे करत हसला. मग हसू आवरतं घेत म्हणाला, “ती गेली. दोन वर्षं होऊन गेली. फेब्रुवारीत.”

“सॉरी काका.”

“दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं जात नव्हतं तिला. पण हे नीट बोलली. रोज एक भाग करूचो, सोडूचो नाय. मी म्हटलं, निकाल लागल्याशिवाय मीटरला हलू देत नाही.” त्याने फळीकडे पाहिलं. “तुझ्या नव्या मीटरशी माझं भांडण नाही, गो बाय. लोक बिल वाढतं म्हणून ओरडतात, मी तसा नाही. पण शब्द दिलाय. याचा निकाल लागू दे, मग ने.”

खरं सांगायचं तर रुक्मिणीने फक्त रोज एक भाग मागितला होता. मीटरची अट दशरथने स्वतःच्या पदरची घातली होती. पण मरणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दात आपला शब्द कुठला आणि तिचा कुठला, हे नंतर वेगळं करता येत नाही.

“आणि निकालाला सहा हजार वर्षं?”

“हो तर. आकड्याच्या अर्ध्यापर्यंत भाग लावून बघायला लागतो. आमच्या शाळेत भिसे मास्तरांनी सांगितलेलं, अर्ध्यापुढे कुठल्याच संख्येला भाग जात नाही. याचा अर्धा किती? पावणेचार कोटींच्या घरात. हजारात साठएक हट्टी धर. बावीस लाख भाग झाले. रोज एक.” दशरथने हात झटकले. “मला माहितीय मी काय तेवढा जगत नाही. पण म्हणून सोडायचं का?”

रश्मी चहाचा कप तसाच हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिचं हे बघणं दशरथला कळलं नाही. घाटकोपरला राहणारी ही मुलगी गणित घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली होती. तिचे वडील कुंडलिक आजारी पडले, तेव्हा कॉलेज सोडून तिने आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, आणि त्यानंतर गणिताबद्दल तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. आज बोलणारा भेटला होता, आणि तो पहिल्याच पायरीवर घसरून सात वर्षं तिथेच घसरत होता.

“पाच वाजले,” दशरथ म्हणाला. “आजचा भाग करतो. तू थांब हवं तर. नाहीतर जा.”

ती थांबली. दशरथने वही उघडली, पट्टीने रेघ मारली. आजचा भाजक २२३०७. तो हळूहळू, ओठ हलवत भागत गेला. आकडे सुबक येत होते. उत्तर ३३१४, बाकी १३७३५.

“उरली,” तो समाधानाने म्हणाला. “आज पण नाही गेला. हट्टी तो हट्टी.”

आपण बोललो तर हा नवा मीटर बसवायला तयार होईल, हे रश्मीला दिसत होतं. पण त्यामुळेच बोलायची लाज वाटत होती. शेवटी आतली गणितवाली काही गप्प बसेना.

“काका, एक विचारू? समजा आज बाकी शून्य आली असती. बावीस हजार तीनशे सातने पुरा भाग गेला असता. मग वरचं उत्तर काय आलं असतं?”

“हेच. तेहेतीसशेच्या आसपास.”

“म्हणजे त्या तेहेतीसशेवाल्याने पण भाग गेला असता ना? जोडीनेच येतात ना ते. तीन आठे चोवीस, तर चोवीसला आठाने पण जातो आणि तीनाने पण.”

“बरं मग?”

“मग तेहेतीसशेपर्यंतचे सगळे तर तुम्ही कधीच संपवलेत.”

दशरथ म्हणाला, “दोन हजार एकोणीसात.” मग भांडायच्या तयारीने पुढे सरकला. “पण मी फक्त हट्टींनी भागतो. समजा जोडीदार तेहेतीसशे चौदाच निघाला. तो कुठे हट्टी आहे? सम आहे. त्याने मी कुठे भागलं?”

“सम आहे म्हणजे दोनने जातो. मग तुमचा आकडा पण दोनने गेला असता. पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

बत्तीस वर्षं आकड्यांत काढलेला माणूस होता दशरथ, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. रश्मीला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार.

“मग थांबायचं कुठे होतं?” त्याने विचारलं.

“भागणारा वाढत जातो आणि उत्तर लहान होत जातं ना, ते दोघं जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे. त्याच्यापुढे नवीन काही सापडत नाही. जे सापडलं असतं, त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता.”

“आणि भिसे मास्तर?”

“मास्तर चुकले नाहीत काका. अर्ध्यापुढे भाग जात नाहीच. फक्त तेवढं लांब जायला लागत नाही.”

दशरथ उठला. कपाटाखालच्या पत्र्याच्या पेटीतून त्याने जुन्या वह्या काढल्या आणि जमिनीवर पसरल्या. दोघंही खाली बसून पानं उलटू लागली. भागणारा आणि उत्तर, भागणारा आणि उत्तर. पाच हजाराला चौदा हजार. सात हजाराला साडेदहा हजार. जवळजवळ येत चालले होते. तिसऱ्या वहीच्या मध्यावर दशरथचं बोट थांबलं.

२९ जून २०२१, मंगळवार. भाजक ८५९७, उत्तर ८६००, बाकी ४९३३.

३० जून २०२१, बुधवार. भाजक ८५९९, उत्तर ८५९८, बाकी ४९३१.

“मंगळवारी उत्तर मोठं आहे,” रश्मी हळू आवाजात म्हणाली. “बुधवारी भागणारा मोठा झाला. इथेच ओलांडलं. काका, झकास! तुम्ही सिद्ध केलंय. मंगळवारीच. एक हजार सत्तर भाग लावून, हाताने. हा आकडा हट्टी आहे.”

तिला वाटलं होतं म्हातारा आनंदाने उडी मारेल. दशरथने वही मांडीवर घेतली आणि पुढची पानं चाळत राहिला. दोन हजार एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. पानामागून पानं, सुबक आकडे, पट्टीने मारलेल्या रेघा. चौदाशेच्या वर भाग, आणि त्यांतला एकही गरजेचा नव्हता.

“चार वर्षं मी नुसता वेड्यासारखा बसलो,” तो म्हणाला. “तिलाही बसवलं. पाठ दुखायची तिची. कारखान्यातून यायची, आणि मी लगेच वही पुढे करायचो.”

रश्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती तिला येत होतं तेच बोलली.

“निकाल पक्का धरायचा तर पडताळा बघायला लागेल ना काका. हजार सत्तरमधला एक जरी भाग चुकला असेल तर सिद्ध झालं म्हणता येणार नाही. काकूंच्या वह्या आहेत?”

वह्या होत्या. पेटीच्या तळाशी, रुक्मिणीच्या जुन्या ओढणीत बांधलेल्या. ती गेल्यावरही दशरथने त्या उघडल्या नव्हत्या. आधी नियम म्हणून आणि मग धीर होईना म्हणून. त्याने गाठ सोडली आणि वह्या रश्मीच्या हातात दिल्या.

“तूच बघ. तू बाहेरची तपासनीस.”

रुक्मिणीचं अक्षर मोठं होतं, शाळकरी. एकेका पानावर एकेक गुणाकार, हातचे वर बारीक लिहिलेले, शेवटी बाकी मिळवून खाली तोच आकडा. ७३९३९१३३. प्रत्येक पानावर. रश्मी मधलीच पानं काढून फोनवर ताडून बघत गेली. रुक्मिणीची एकही चूक नव्हती. एका ठिकाणी दशरथचा भागाकार चुकलेला होता, तिथे गुणाकार जुळला नव्हता आणि कडेला लिहिलं होतं, “परत करूक सांगितलंय.”

“काकू कडक होत्या.”

“म्हणजे काय! चूक काढली की आधी चहा पिऊ द्यायची, मग सांगायची.”

मंगळवारचं पान आलं. ८५९७ गुणिले ८६००, अधिक ४९३३. जुळलं. बुधवारचं पान. ८५९९ गुणिले ८५९८, अधिक ४९३१. तेही जुळलं. पण त्या गुणाकाराखाली रुक्मिणीने पानभर आडवी रेघ मारली होती. पट्टी न लावता मारलेली, थोडी वाकडी. आणि रेघेखाली दोन शब्द, खरं तर तीन.

‘झाला. उद्या शिरवाळे.’

रश्मीने पान उलटलं. गुरुवार, १ जुलै. गुणाकार नव्हता. वर तारीख, भाजक आणि खाली एकच शब्द, ‘बरोबर’. शुक्रवार, ‘बरोबर’. शनिवार, ‘बरोबर’. तिने पाच पानं एकदम उलटली, मग दहा, मग पुढची अख्खी वही. कुठेही एक आकडा गुणलेला नव्हता. दीड वर्षाच्या संध्याकाळी, आणि दर संध्याकाळी तो एकच शब्द. अक्षर शेवटी शेवटी थकलेलं, तरी शब्द तोच.

“काका,” ती म्हणाली, “काकूंना कळलं होतं.”

दशरथने वही तिच्या हातातून घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मंगळवारपासून पुढे, मागे, पुन्हा पुढे असं तो कितीतरी वेळ बघत होता. रश्मीने तोवर, काहीतरी करत राहायचं म्हणून, ऑगस्टमधला एक भाग फोनवर ताडला.

“हा तर चुकलाय. नऊ हजार एकने भागलंय ना, बाकी एकोणपन्नासशे एकोणीस यायला हवी. तुम्ही एकोणपन्नासशे एक्क्याण्णव लिहिलीय. आकडे उलटे पडलेत. आणि काकूंनी ‘बरोबर’ लिहिलंय.”

“तिने बरोबर म्हटलंय ना?” दशरथ म्हणाला. “मग बरोबर.”

त्याचा आवाज असा निघाला की रश्मीने फोन खिशात टाकला.

सातवी शिकलेली बाई. भागणारा उत्तराच्या पुढे गेला, आता जुनेच आकडे जागा बदलून परत येणार, हे तिने गुणता गुणता ओळखलं होतं, कोणी न शिकवता. आणि ओळखून गप्प बसली होती. दशरथ बत्तीस वर्षं ज्या हुशारीवर मनातल्या मनात खूश होता, ती सगळी त्याला आता त्या ओढणीत बांधलेली दिसत होती. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. लपवायला घरात होतं कोण, एक वायरमन मुलगी.

“रोज एक करूचो म्हणाली,” तो नाक ओढत म्हणाला. “मला वाटलं, आकड्यासाठी सांगतेय.”

रश्मीने मान हलवली. मग थोड्या वेळाने, विषय बदलावा म्हणून नव्हे तर तिला खरंच सुचलं म्हणून, म्हणाली, “काका, तुम्ही ते ७, ७३, ७३९ म्हणत होतात ना. ७३९३ पर्यंत यादीत सापडले. मग मधले तीन राहिलेच की. पाच आकडी, सहा आकडी, सात आकडी. ते हट्टी आहेत का, ते तुम्हाला कुठे माहितीय? आणि आता अर्ध्यापर्यंत जायला नको.”

दशरथने डोळे पुसले. ओठ हलले. ७३९३९ ला दोनशे एकाहत्तरपर्यंत भागलं की झालं. अठ्ठावन्न दिवस. पुढच्याला पाच महिने. त्याच्या पुढच्याला वर्षाच्या थोडं वर. “सहाशेच्या वर भाग,” तो म्हणाला. “म्हणजे हे मी संपवू शकतो.”

“मी फोनवर बघू?”

“खबरदार!”

दोघंही हसली. दशरथ उठून दाराकडे गेला, मीटरवरची धूळ तळहाताने पुसली आणि बाजूला झाला. “काढ,” तो म्हणाला. “निकाल लागला याचा.”

रश्मीने वीज बंद केली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. खोलीत उकडायला लागलं आणि गल्लीतले आवाज आत येऊ लागले. तिने स्क्रू सैल केले, जुना मीटर फळीवरून उतरवला आणि खोक्यात ठेवायच्या आधी क्षणभर त्याचा नंबर वाचला. मग नवा चढवता चढवता विचारलं, “काका, शिरवाळे म्हणजे काय?”

“तुमच्याकडे नाहीत का? तांदळाच्या शेवया. आमच्या मालवणी लोकांत लग्नासणाला करतात. पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. वरून नारळाचा रस, गूळ, वेलची.” दशरथ पाटावर बसला होता, वही अजून हातात होती. “ताकदीचं काम असतं. एकाने वरून दाबायचं, दुसऱ्याने खाली ताट धरून शेवया झेलायच्या. एकट्याला नाही जमत.”

“मग त्या दिवशी कोणी दाबल्या?”

“मीच,” दशरथ म्हणाला. “दुसरं कोण?”

तो गुरुवार होता. सण नाही, वार नाही, घरात कोणी येणार-जाणार नाही. साच्याचा दांडा जाता जाईना, हाताला फोड यायची वेळ आली होती. आज काय आहे, हे कशासाठी, असं त्याने तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा तर चिडून. खाली ताट धरून बसलेली रुक्मिणी वर न बघता म्हणाली होती, “काय नाय. तुमी दाबा गुमान.” त्याने दाबलं होतं. दोन वाट्या जास्तच खाल्ल्या होत्या, दुपारी डाराडूर झोपला होता, आणि पाच वाजता चहा घेऊन नेहमीसारखा वही उघडून बसला होता, ८६०९ ने भागायला. समोर तीही बसली होती. आपली वही मांडीवर, मान खाली, पेन हातात.